साहेब, आगाशे काका आणि पडवळ

आगाशे काकांकडे चहाला जायचं, तर दारात उभं राहून आधी विचारावं लागायचं, "तुमच्याकडे कैरीचं लोणचं आहे का?" आतून काका म्हणायचे, "कैरीचं संपलं, लिंबाचं आहे." मग आपण म्हणायचं, "लिंबाचंही चालेल." मग कडी निघायची. यातला एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला, तरी काका दाराआड चिडीचूप, आणि तुम्ही न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या टेकडीवरच्या वाऱ्यात ओढणी सांभाळत उभे. आत कोण आहे ते तुम्हाला माहीत, बाहेर कोण आहे ते त्यांना माहीत, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांनी तुम्हाला येताना पाहिलेलं असायचं. तरी नाही म्हणजे नाही.

मला हे पहिल्यांदा घडलं तेव्हा माझ्या हातात पुरणपोळ्यांचा डबा होता. २०१२ साल. आम्ही ऑकलंडहून, ओटाहुहूच्या भाड्याच्या घरातून, नुकतेच इकडे आलो होतो. मला इथल्या क्लिनिकमध्ये नर्सची नोकरी लागली होती, आणि दोन घरं सोडून मराठी जोडपं राहतं हे कळल्यावर मला कोण आनंद झाला होता. बेल वाजवली. दारामागून आवाज आला, काय हवंय. मी म्हटलं, पोळ्या आणल्यात. "चूक," एवढंच ऐकू आलं आणि पुढे शुकशुकाट.

मी डोंबिवलीची. आमच्याकडे अपमान करायचा तर आधी दार उघडतात. मी पाय आपटत परत फिरणार, एवढ्यात घराच्या बाजूने एक ठेंगणी बाई ॲप्रनला हात पुसत आली आणि म्हणाली, "मागच्या दाराने ये गं. पुढच्या दाराला आमचं हेरखातं बसलंय." त्या काकू. आत जाऊन डबा उघडते, तर हेरखातं टेबलाशी बसून माझ्या पोळीवर तूप वाढून घेत होतं. मी थक्क झाले. न्यूझीलंडमध्ये भूकंपाचे धक्के बसतात असं ऐकून आले होते. मला बसले ते जास्त करून आगाशे काकांचे.

तर विश्वनाथ आगाशे. सरकारी हॉस्पिटलच्या फार्मसीतून निवृत्त झालेले, किडकिडीत, पायात मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अंगात बारा महिने तेच एक खिसेवालं जॅकेट. फोन उचलला तर स्वतःचं नाव सांगायचे नाहीत. कुरिअरवाल्याने नाव विचारलं तर म्हणायचे, "रेसिडेंट." कॅफेत गेलो तर दाराकडे पाठ करून बसायचे नाहीत. विमानाने जायचे नाहीत, कारण प्रवाशांच्या यादीत नाव कशाला. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जायचे ते एका रस्त्याने, आणि यायचे दुसऱ्याने. आमच्या गल्लीला रस्ता एकच आहे. त्यामुळे परतताना काका शेजारच्या माओरी बाईंच्या, मेरे आंटींच्या कुंपणातून, हायड्रेंजियाच्या झुडपांमधून, दुधाची बाटली छातीशी धरून यायचे. मेरे आंटी व्हरांड्यातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या भाषेत नमस्कार ओरडायच्या, "किया ओरा, स्पाय!" काका त्यांच्याकडे न बघता मान तुकवायचे.

हे सगळं साहेबांमुळे. साहेब म्हणजे एक इंग्रज अधिकारी. नाव मी इथे लिहीत नाही, कारण काकांनी मला तशी शपथ घातली आहे. त्या माणसाचं नाव पुस्तकांच्या पाठीवर छापलेलं आहे, तरी शपथ ती शपथ. दुसऱ्या महायुद्धात हे साहेब एका गुप्त खात्याचे प्रमुख होते. शिंपी, मास्तर, दुकानात कपडे विकणाऱ्या मुली अशी साधी माणसं वेचायची, त्यांना खोटं नाव आणि खोटे कागद द्यायचे, आणि काळोखात शत्रूच्या मुलखात विमानातून हवाई छत्रीने खाली सोडायचं. तिथून त्यांनी पूल उडवायचे, रेल्वे बंद पाडायची आणि चोरून वायरलेसवर लंडनला बातम्या द्यायच्या. साहेब लंडनमध्ये बसून हे चालवत.

या साहेबांचा फोटो काकांच्या दिवाणखान्यात गणपतीच्या शेजारी. पुस्तकातून झेरॉक्स काढून फ्रेम केलेला. गणपतीत साहेबांनाही एक फूल. काकू म्हणायच्या, मला आणून एवढी वर्षं झाली, माझा एक फोटो तरी लावलात का कधी त्या भिंतीवर. काका म्हणायचे, तू समोर असतेस की.

एकदा मी विचारलंच, की काका, हे खूळ आलं कुठून? तर म्हणाले, "इथे आलो तेव्हा भारतातली डिग्री चालत नव्हती. परीक्षा पास होईपर्यंत गोदामात खोकी भरत होतो. लायब्ररीत बसलो असताना हे पुस्तक हाती लागलं. परक्या देशात सोडलेली माणसं, नवी भाषा, नवे कागद, आणि सतत भीती, की कोणी ओळखेल, हा इथला नाही म्हणून. मला वाटलं, हे तर आपलंच चाललंय." ओटाहुहूला पहिल्या महिन्यात बसमध्ये तोंड उघडायचीही मला भीती वाटायची, ते मला आठवलं.

पण असं शहाण्यासारखं बोलणं वर्षातून एखादं. बाकी सगळा आनंदच. काकांची दोन ठरलेली वाक्यं होती. एक, "माहिती गरजेपुरती." दुसरं, "खूण आधी, गप्पा नंतर." ओळखीतल्या प्रत्येकाला त्यांनी टोपणनाव दिलं होतं. माझा नवरा अमेय म्हणजे दुधी. मी सुरण. का, तर घशाला खवखवतं. आमची इरा तेव्हा चार वर्षांची, तिला त्यांनी वाटाणा केलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून, पण "हू आर यू?" विचारलं की छाती पुढे काढून सांगायची, "वाटाणा."

आता पडवळाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

काकांना एकच मुलगा, निखिल. तो लहान असताना काका-काकू दोघंही शिफ्टमध्ये कामाला. निखिल शाळेतून येऊन स्वतःच कुलूप उघडायचा आणि फार्मसीत फोन करायचा. काकांनी त्याला साहेबांच्या पद्धतीची खूण शिकवली. फोनवर काका विचारणार, "भाजी काय?" सगळं ठीक असेल तर पोराने म्हणायचं, "पडवळ." पडवळ का, तर या देशात ते मिळत नाही, म्हणून कोणी चुकून म्हणणार नाही. आणि काही बिनसलं असेल, घरात कोणी शिरलं असेल, शाळेत कोणी मारलं असेल, बोलता येत नसेल, तर पडवळ सोडून कुठल्याही भाजीचं नाव घ्यायचं. की काका असतील तिथून निघणार. काकू हसून सांगायच्या, की एकदा हा सात वर्षांचा असताना "गाजर" म्हणाला, तर हे पांढऱ्या कोटात धावत घरी. पोराने दुधाचा ग्लास फोडला होता, एवढंच.

निखिल मोठा झाला, इंजिनियर झाला, भूकंपानंतर क्राइस्टचर्चमध्ये बांधकामं निघाली तेव्हा तिकडे रिकार्टनला राहायला गेला. मराठी त्याची पार गेली होती, पण दर रविवारी सकाळी फोन यायचाच. काका विचारायचे, "भाजी काय?" तो म्हणायचा, "पडवळ, बाबा." मग काका फोन काकूंच्या हातात द्यायचे, आणि काकू तासभर बोलायच्या. जेवलास का, झोपतोस का, ती मुलगी परत भेटली का, केस कापलेस का. काका पेपर वाचत ऐकायचे.

२०१५च्या हिवाळ्यात काकू गेल्या. सकाळी डोकं दुखतंय म्हणाल्या आणि संध्याकाळी नव्हत्या. मी हॉस्पिटलात होते. मी रोज माणसं पाहते, तरी मला ते खरं वाटेना. काका रडले नाहीत. दहाव्या दिवशी त्यांनी मागच्या दाराला आतून बोल्ट घातला आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला पुढच्याच दाराने, लोणचं विचारूनच आत जावं लागलं.

रविवारचा फोन चालू राहिला. फक्त आता तो मिनिटभराचा झाला. भाजी काय, पडवळ, पाऊस आहे का, आहे, बरं ठेवतो. मी बऱ्याच रविवारी त्यांना डबा द्यायला जायचे, म्हणून मला माहीत. बापलेकांना दुसरं काही बोलताच येत नव्हतं. बोलणारी गेली होती.

मग २०१७ साली काकांची एक नवीन तक्रार सुरू झाली. पोरगा शिस्त विसरला. भाजी काय विचारलं, की म्हणतो "बटाटा." एकदा नाही, दर रविवारी. मी समोर असताना एकदा फोन आला. काकांनी विचारलं, पलीकडून उत्तर आलं, आणि काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पडवळ म्हणायचं असतं, विसरलास. पुढच्या वेळी खूण विसरू नकोस," असं बजावून त्यांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, साहेबांच्या हाताखाली असता तर एव्हाना काढून टाकला असता. मला हसू आलं. बत्तीस वर्षांचा घोडा अजून पडवळ-बटाटा खेळतोय, याचंच मला नवल वाटत होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळाने काकांना भाषणाला बोलावलं. विषय, साहेबांचा वारसा. कमिटीत यावरून बरीच जुंपली. एकजण म्हणाले, हे बरोबर नाही, त्याच काळात इंग्रज आपल्या माणसांना तुरुंगात टाकत होते, आणि आपण दिवाळीला त्यांच्या साहेबाची आरती करायची? काकांनी शांतपणे सांगितलं, "आरती नाही. मूल्यमापन." या एका शब्दावर त्यांना अर्धा तास मिळाला, फराळाच्या आधी. फराळाच्या नंतर दिला असता तर कोणी थांबलं नसतं हे सगळ्यांना माहीत होतं.

रविवारची दुपार. कम्युनिटी हॉल, मागे समोशांचे ट्रे, पुढे खुर्च्या, खुर्च्यांच्या मधून पोरं धावतायत. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, वरून ते जॅकेट. साहेबांची फ्रेमही आणली होती, टेबलावर समईच्या शेजारी ठेवली. मी पहिल्या रांगेत, कारण सुरणाने पहिल्या रांगेत बसायचं असा हुकूम होता.

आणि काय सांगू, काका फार सुंदर बोलले. एरवी गरजेपुरती माहिती देणारा माणूस, पण त्या दिवशी पोरंसुद्धा खाली बसली. साहेबांनी साध्या माणसांतून शूर माणसं कशी उभी केली, किती धोके पत्करले, ते सगळं सांगितलं. मग म्हणाले, आता साहेबांवरचा सर्वात मोठा आरोप. तो मी लपवणार नाही, आणि त्याचं उत्तरही देणार आहे.

आरोप असा. वायरलेसवर बसणाऱ्या प्रत्येकाला एक खूण ठरवून दिलेली असे. प्रत्येक संदेशात ती घालायची. खूण आहे, म्हणजे माणूस सुखरूप. शत्रूने पकडलं, डोक्याला बंदूक लावून संदेश पाठवायला लावला, तर खूण गाळायची. बंदूकवाल्याला कळणार नाही, साहेबांना कळेल. एक तरुण पकडला गेला. त्याने खूण गाळली. पुन्हा गाळली. दर संदेशात गाळत राहिला. ओरडता येत नव्हतं, म्हणून अशा रीतीने सांगत राहिला. आणि साहेबांच्या ऑफिसातून त्याला उलट उत्तर गेलं.

काकांनी चष्मा सारखा केला आणि ते उत्तर मराठीत सांगितलं. "खूण घालायला विसरलास. पुढच्या वेळी खूण विसरू नकोस."

हॉलमध्ये कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. काका पुढे म्हणाले, आता साहेबांची बाजू. तरुण पोरं निष्काळजी असतात, विसरतात. मुख्यालयाने शिस्त...

आणि थांबले.

मला वाटलं ठसका लागला. पाणी पुढे केलं, घेतलं नाही. इंग्रजीत ते वाक्य त्यांनी शंभरदा वाचलं असेल, पण स्वतःच्या तोंडून, आपल्या भाषेत, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "सुरण, तो बटाटा कधीपासून म्हणतोय?"

हॉलला वाटलं, काका गेले कामातून. आमच्या मंडळात डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांचा सुकाळ. क्षणात सगळे टेबलाभोवती. डॉक्टर शिल्पाने त्यांना हसून दाखवा म्हटलं, दोन्ही हात वर करा म्हटलं, आज वार कोणता विचारलं. काका दोन्ही हात वर करून उभे, डोळ्यांतून पाणी, आणि एकच वाक्य, की पोरगा बटाटा म्हणतोय. अध्यक्षांनी ॲम्ब्युलन्ससाठी फोन काढला. मी एकटी त्या हॉलमध्ये अशी होते, जिला ते काय म्हणतायत हे कळत होतं. मी सगळ्यांना बाजूला केलं. म्हटलं, काकांना काही झालेलं नाही, निखिलला झालंय.

"आज तर फोनच आला नाही," काका म्हणाले. "मी भाषणाची तयारी करत होतो."

आम्ही निखिलला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. माझी एक मैत्रीण रिकार्टनला फार्मसीत असते, तिला त्याच्या घरी पिटाळलं. तिचा फोन आला, की गाडी दारात आहे, पडदे ओढलेले आहेत, दार वाजवलं तर आतून "गो अवे" म्हणाला. निदान आवाज आला. मी तिला म्हटलं, तिथून हलू नकोस, बाहेर गाडीत बसून राहा.

मी म्हटलं, काका, विमान. मला वाटलं आता प्रवाशांच्या यादीचं काढतील. त्यांनी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीला न विचारताच सांगितलं, विश्वनाथ गोविंद आगाशे, मुलाकडे चाललोय. टॅक्सीवाल्यालाही सांगितलं. विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगितलं, माय नेम इज आगाशे, माय सन इज नॉट वेल. मी नुसती बघत राहिले. एवढ्या वर्षांत या माणसाच्या तोंडून त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

रिकार्टनला पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, ऊन अजून लख्ख. मागच्या बाजूचं एक छोटं युनिट. दारातली टपालपेटी भरून पाकिटं बाहेर आलेली. काकांनी दार ठोठावलं.

"हू इज इट?" आतून आवाज. अगदी काकांसारखाच.

मी वाट बघत होते. सवयीने माझ्याच तोंडात ते कैरीचं लोणचं आलं. काकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि दाराला कपाळ टेकवलं.

"मी बाबा," ते म्हणाले. "तुझा बाबा आलोय. दार उघड."

मग कडी निघाली. निखिल दारात उभा होता. दाढी वाढलेली, टी-शर्ट अंगावर लोंबत होता, इतका उतरला होता. हा मुलगा माझ्याशी कधी एक वाक्य मराठीत बोलला नव्हता. तो बापाकडे बघून म्हणाला, "मी सांगत होतो, बाबा. दर रविवारी सांगत होतो."

"ऐकलं रे," काका म्हणाले. "फार उशिरा ऐकलं."

आणि मग त्या दोघांनी एकमेकांना धरलं, आणि मला पुढचं दिसेना, म्हणून मी चहा टाकायला आत गेले. स्वयंपाकघरात दूध नव्हतं, पोहे नव्हते, फ्रिज रिकामा. ओट्याखाली फक्त बटाट्यांचं एक पोतं होतं, त्यांना हातभर कोंब फुटलेले. पोरगा खूणही करत होता आणि खरंही सांगत होता.

कंपनी बंद पडून त्याची नोकरी सात-आठ महिन्यांपूर्वीच गेली होती. आधी लाज वाटली म्हणून सांगितलं नाही, मग सांगायची ताकद राहिली नाही. झोप नाही, उठणं नाही, कोणाला भेटणं नाही. मी नर्स आहे; त्या खोलीत मी काय पाहिलं आणि काय उचलून माझ्या पर्समध्ये टाकलं ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की पुढच्या रविवारपर्यंत थांबलो असतो तर मला हे लिहिता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला डॉक्टरांकडे नेलं. काका बाहेर बाकावर बसले होते, दाराकडे पाठ करून.

निखिल पोरिरुआला आला आणि काही महिने राहिला. आता परत रिकार्टनला आहे, दुसरी नोकरी आहे, औषधं चालू आहेत. लगेच काही सगळं गोड झालं नाही. पण माणूस आहे.

मंडळाने काकांना अर्धवट राहिलेलं भाषण गुढीपाडव्याला पूर्ण करायला बोलावलं. सगळे जरा धास्तावूनच बसले होते. काका उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब वाईट माणूस नव्हता. हुशार होता, कामाला वाघ होता. पण त्याने खूण ठरवली, आणि ऐकायचं राहिलं. ज्यांचं ऐकायचं राहिलं त्यांच्या घरी विचारा, म्हणजे वारसा कळेल." आणि बसले. मूल्यमापन संपलं. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कोणालाच कळेना. ज्या गृहस्थांनी कमिटीत भांडण केलं होतं, ते उठून काकांच्या शेजारी जाऊन बसले, एवढं मी पाहिलं.

साहेबांचा फोटो आता गणपतीशेजारी नाही. काकांनी तो फेकलाही नाही. तो फोनच्या वर टांगलाय, फोन उचलताना नजरेला पडेल असा. गणपतीशेजारच्या जागेवर काकू आहेत, ॲप्रन घातलेल्या, कोणावर तरी हसतायत. आणि मागच्या दाराचा बोल्ट काढलाय. दुधासाठी मात्र काका अजून मेरे आंटींच्या झुडपातूनच येतात. म्हणतात, तिला सवय झालीय, आता बंद केलं तर काळजी करेल.

गेल्या रविवारी मी डबा घेऊन मागच्या दाराने गेले, तर काका फोनवर. "कसा आहेस?" एवढंच विचारलेलं मी ऐकलं. त्यानंतर ते बोललेच नाहीत. रिसीव्हर कानाला घट्ट लावून, डोळे मिटून, नुसते ऐकत होते. मी डबा ठेवला, चहा केला, माझा पिऊन झाला, त्यांचा गार झाला. शेवटी "बरं, सांगतो विचारून," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी म्हटलं, पडवळ का?

"नाही," काका म्हणाले.

मी लगेच माझा फोन काढला. ते त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी घाईघाईने हात हलवला.

"वांगं. खरंच वांगं आणलंय त्याने. आईसारखं भरलं वांगं कसं करायचं, म्हणून विचारत होता." काकांनी गार चहाचा कप उचलला आणि तसाच धरून ठेवला. "मला कुठे येतंय ते. मी कधी विचारलंच नाही तिला."

"मग काय सांगितलंत?"

"सुरणला विचारून सांगतो म्हटलं," काका म्हणाले, आणि माझ्यासमोर कागद-पेन्सिल सरकवली. "सगळं सांग. गरजेपुरतं नको."